आरे-वारेचं वारं

मला आरे-वारेला जायचं नव्हतं. हे आधीच सांगून टाकतो, कारण आमच्या भागात आता बोभाटा असा झालाय की, कुंडलच्या दिनकर हवालदारानं मरणाच्या दारात पडल्या पडल्या समुद्राची शपथ घेतली आणि बरा होऊन, एकट्यानं समुद्राकडेनं सायकल हाणून ती पुरी केली. माझ्या सत्कारात एकानं तर असं भाषण ठोकलं की माझ्याच डोळ्यांत पाणी आलं. मी शाल-नारळ घेतला आणि गप्प बसलो.

खरं काय ते एवढंच, की मला त्या दिवशी पंखा लावून हवा होता.

पण आधी आजार. सांगलीच्या दवाखान्यातल्या व्यायाम घेणाऱ्या मॅडम मला म्हणाल्या, "काका, या आजाराचे नवे पेशंट येतात, त्यांचे नातेवाईक नुसते भिंतीकडे बघत बसतात. त्यांना सांगा ना तुमचं." मी एक-दोनदा गेलो सांगायला. पण बोलायला लागलो की मला थांबता येत नाही, आणि पेशंटला पळून जाता येत नाही. म्हणून हे लिहून देतोय. वाचणारा निदान मधेच मिटू शकतो.

एक चप्पल

मी फौजेतनं हवालदार म्हणून घरी आलेला माणूस. फौज म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढं बंदूक येते. मी सगळी नोकरी भांडारात ब्लँकेटं मोजण्यात काढली. घरी आल्यावर वाट्याचा ऊस आणि दोन म्हशी. अंगानं दणकट. डॉक्टरकडं जायचं म्हणजे दुसऱ्याला घेऊन जायचं, एवढीच आपली सवय.

मधे पोट बिघडलं, ते आपलं आपण बरं झालं. त्यानंतर तळपायांना मुंग्या यायला लागल्या. मी त्याचा दोष नव्या चपलांना दिला. चपला बदलल्या. मुंग्या घोट्यापर्यंत चढल्या. सुनंदानं, म्हणजे आमच्या मंडळींनी, काशाच्या वाटीनं तळपाय घासून दिले. वाटी काळी झाली तसं मी म्हणालो, "बघ, उष्णता निघाली." मुंग्या गुडघ्यापर्यंत आल्या.

त्याच दिवशी उसाला पाणी पाजून घरी आलो तर सुनंदा दारातच उभी.

"आवं, एक चप्पल कुठाय?"

"पायात."

"आन दुसऱ्या पायात काय हाय, बगा तरी."

बघितलं. दुसऱ्या पायात निव्वळ चिखल. चप्पल कुठं सुटली, किती वेळ मी अनवाणी चाललो, काट्याकुट्यातनं आलो, काही म्हणजे काही कळलं नव्हतं. शहाण्या माणसानं तिथनंच दवाखाना गाठला असता. मी चप्पल शोधायला परत गेलो.

म्हणून पहिली गोष्ट ही: मुंग्या खालनं वर चढत असतील तर चप्पल बदलू नका, वाटी घासू नका. सरळ डॉक्टर गाठा. ह्यात एक दिवससुद्धा मोलाचा असतो, आणि मी तो चपलेवर घालवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाटावर जेवायला बसलो तो उठताच येईना. पाय आहेत, पण ते दुसऱ्या कुणाचे तरी. माझा दोस्त शिवा आला. त्याचा छोटा हत्ती टेम्पो आहे, पण मोठा हत्ती तो स्वतः.

"उठ की गड्या, नाटकं करतोयस व्हय?"

"शिवा, खरंच उठवत न्हाई."

त्यानं काखेत हात घालून मला उभा केला आणि सोडला. मी मडक्यासारखा खाली बसलो. शिवाच्या तोंडचं हसू तिथंच वाळलं. मागं गोण्या अंथरल्या आणि मला त्यावर घालून टेम्पो सांगलीला.

नावातच बरी

डॉक्टरांनी गुडघ्यावर हातोडी मारली. पाय हालला नाही. दुसऱ्या गुडघ्यावर मारली. तोही नाही. मग पाठीच्या कण्यातनं सुईनं पाणी काढलं, नसांना विजेचे चिमटे लावले आणि संध्याकाळी बाहेर येऊन सुनंदाला आणि शिवाला आजाराचं नाव सांगितलं. गुलेन बॅरी.

शिवा आत आला तो फुलून. "दिन्या, काळजीचं काय न्हाई. बरी हाय म्हणाले."

"काय बरी हाय?"

"आजारच तसला हाय. गुलेन बरी. नावातच बरी हाय गड्या!"

त्याच्या मागनं सुनंदा आली. ती काही बोलली नाही. पदराचं टोक बोटाला गुंडाळत, सोडत, परत गुंडाळत उभी राहिली. माझी बायको उंब्रजची. हायवेच्या गावची पोर, तोंडाला ब्रेक नाही. लग्न झाल्यापासनं टोमणा मारल्याशिवाय तिनं मला चहा दिलेला नाही. ती बाई गप्प राहिली म्हटल्यावर मला कळलं, की हे प्रकरण बरी-वाईटमधलं दुसरं आहे.

डॉक्टरांनी नंतर मला समजावून सांगितलं: शरीरातली फौज कुठल्याशा जंतूशी लढायला निघते आणि चुकून आपल्याच नसांवर गोळ्या झाडते. मी मनात म्हणालो, बरोबर आहे. भांडारवाल्याच्या अंगातली फौज. तिला जन्मात शत्रू बघायला मिळाला नव्हता. पहिला दिसला त्याच्यावर सुटली.

नाकावरचा डास

अतिदक्षता विभागात ते रोज एका श्वासात आकडे म्हणायला लावायचे. रोज आकडे कमी भरायचे. ब्लँकेटं मोजण्यात हयात गेलेला माणूस मी, आणि माझेच आकडे मला पुरेनात. छातीपर्यंत आजार चढला तर यंत्र लावावं लागेल, असं डॉक्टर सुनंदाला दारात सांगत होते. हळू सांगत होते. पण माझे कान शाबूत होते. एवढेच शाबूत होते.

भीती कशी असते ते सांगतो. मरणाचा विचार अधनंमधनं येतो. बाकी सगळा वेळ नाक खाजतं. हात उचलत नाही, आणि नाकाच्या शेंड्यावर डास बसलेला. तो निवांत. तुम्ही त्याच्याकडं तिरळे होऊन बघताय. त्या वेळी एक सिस्टर आली, कडेगावकडची होती. तिनं नुसतं माझ्या डोळ्यांकडं बघितलं आणि बोटानं नाक खाजवून दिलं. बायकोची शपथ, फौजेत मला पदक मिळालं असतं तरी एवढा आनंद झाला नसता. पेशंटजवळ बसणाऱ्यांना सांगणं आहे: देवाचा अंगारा लावा, नाही असं नाही, पण आधी नाक खाजतंय का ते विचारा.

मग रक्तातलं खराब पाणी काढून चांगलं घालायचा उपचार झाला. आजार छातीच्या अलीकडं थांबला, यंत्र लागलं नाही. पण जाता जाता चेहरा घेऊन गेला. ओठ मिटेनात, हसता येईना. पापण्यासुद्धा मिटेनात, झोपताना सिस्टर पट्टीनं चिकटवायची. एरवी गावात कुणाच्या मयताला गेलो तरी लोक माझ्यापासनं लांब बसायचे, का तर हसू येतं. त्या माणसाचं तोंड आता नव्या बांधकामाच्या भिंतीसारखं.

आरं, वारं!

धोका टळला तसं मला खोलीत हलवलं, आणि तिथं माझी थोरली बहीण आली. कडेगावची अक्का. तिनं दारातच हंबरडा फोडला, "अंगावरनं वारं गेलं रं माझ्या दिनूच्या!"

आमच्याकडं लुळं पडलेल्या माणसाच्या अंगावरनं वारं गेलं म्हणतात. एकदा गेलेलं वारं परत येतं, म्हणून त्याला वाट ठेवायची नाही. अक्कानं खिडक्या लावल्या. पंखा बंद केला. भर उन्हाळ्यात माझ्या कानांना मफलर गुंडाळला, अंगावर चादर, चादरीवर तिची शाल. डॉक्टर म्हणाले, ह्याचा वाऱ्याशी काही संबंध नाही. अक्का म्हणाली, "तुमी शिकल्यालं हायसा, पर वारं काय शिकल्यालं न्हाई." लुळेपणावर उतारा म्हणून तिनं डब्यातनं पारव्याचा रस्साही आणला. मला गिळता येत नव्हतं. रस्सा झकास झाला होता असं शिवा सांगतो.

सुनंदानं पंखा लावायचा, अक्कानं बंद करायचा. दोघी एकमेकींशी लय गोड बोलायच्या, आणि बटणाची कटकट चालू. शेवटी सुनंदा हरली. नणंद थोरली. शिवाय इकडं ऊसतोडीची टोळी फडात आलेली, तिकडं म्हशी, आणि ती रोज कुंडल-सांगली, सांगली-कुंडल. एकदा माझ्या खाटेची कड धरून उभ्या उभ्याच झोपली. मी सगळं बघत होतो आणि घामानं निथळत होतो.

अशात एका दुपारी व्यायामाच्या मॅडम आल्या. माझी बोटं उघडून मिटून घेत होत्या. पायाशी शिवा. मला वाटलं, आता जीव जातो. सगळं बळ एकवटून मी शिवाला हाक मारली. "आरं... वारं! आरं, वारं!"

म्हणजे, अरे बाबा, पंखा लाव.

मॅडमचे हात थांबले. त्या रत्नागिरीकडच्या, आणि आरे-वारे हा तिथला समुद्रकिनारा. चेहरा असा उजळला, जसं माहेरचं कुणी भेटलं.

"आरे-वारे? काका, तुम्हाला आरे-वारेला जायचंय?"

मी मान हलवली. नाही अशी. पण मानेत तेव्हा जोर नव्हता. ती नुसतीच हलली.

"अय्या, मग जायचंच! समुद्राला लागून रस्ता आहे, काका. एका बाजूला सुरूची झाडं, एका बाजूला पाणी. बरे व्हा, आणि एकट्यानं सायकल चालवा तिथनं. ठरलं. आजपासून आपला सगळा व्यायाम आरे-वारेसाठी!"

शिवाच्या डोळ्यांत पाणी. "दिन्या, मर्दा, कधी बोलला न्हाईस!" अक्का म्हणाली, "समुद्र? तिथं वारं किती असतंय ठावं हाय का? आगं बया!" मी डोळे वटारून पंख्याकडं बघत होतो, आणि ते सगळे म्हणत होते, बघा, कसा वर आभाळाकडं बघतोय.

सुनंदा कोपऱ्यात डबा घासत होती. तिनं हात पुसले, माझ्याजवळ आली, माझ्याकडं एकटक बघितलं आणि म्हणाली, "सायकल! वावरातनं घरी येईस्तवर चप्पल सांबाळता आली न्हाई, आन म्हणं समुद्र!"

टोमणा! किती दिवसांनी! चेहरा हसत नव्हता, पण पोटातनं मी हसलो.

लेडीज सायकल

ओठ मिटायला लागून मी नीट बोलू लागलो, तोपर्यंत उशीर झाला होता. पाय हलला की मॅडम म्हणायच्या, "आरे-वारे!" उभा राहिलो, आरे-वारे. भिंत धरून संडासापर्यंत गेलो, आरे-वारे. शिवानं अख्ख्या कुंडलला सांगून ठेवलेलं. आता कुठल्या तोंडानं सांगणार की मला पंखा हवा होता?

आणि खोटं कशाला बोलू, हळूहळू मलाही तो रस्ता दिसायला लागला होता. त्यातला समुद्र मला एवढा दिसत नव्हता. दिसत होतं ते 'एकट्यानं'. आजारात माणूस कधीच एकटा नसतो. जेवताना कुणीतरी, झोपताना कुणीतरी, भांड्यावर बसवताना तर दोघं. घरी आलो तरी सुनंदा सावलीसारखी मागं. मी मोरीत गेलो की बाहेरनं आवाज, "हाय न्हवं?" रागावलो की म्हणायची, "पडला म्हंजे?" बरोबरच होतं तिचं. पण मला एकदा कुणाच्या नजरेआड जायचं होतं, आणि आपल्या पायांनी परत यायचं होतं. तोवर मी बरा झालो असं मी मानणार नव्हतो. आणि खरं सांगायचं तर तीही मानणार नव्हती.

काठी सुटली. डॉक्टरांनी सायकलला परवानगी दिली, सपाटीवर. दांडीवरनं पाय टाकता येईना, म्हणून सासरी गेलेल्या लेकीची कॉलेजातली लेडीज सायकल काढली. गुलाबी. पुढं परडी. गावात सराव करताना पोरं ओरडायची, "हवालदार, भाजी आणायला का?"

आणि एका पहाटे शिवाच्या छोट्या हत्तीत सायकल घालून आम्ही निघालो. आंबा घाट उतरलो तशी हवाच बदलली, चिकट, गरम, ओळख नसताना गळ्यात पडणारी. अक्कानं दिलेला मफलर सुनंदाच्या पिशवीत होता.

वारं

समुद्र दिसला आणि शिवानं उगाचच हॉर्न वाजवला. मॅडम खोटं बोलल्या नव्हत्या! काळा गुळगुळीत रस्ता, एका अंगाला सुरूची झाडं, पलीकडं पाणी, पाणी, पाणी. आमच्या उसाला एवढं असतं तर!

सुनंदानं परडीत पाण्याची बाटली ठेवली. "फुडं चढ लागंल. चढ लागला की मागं फिरायचं. मी मागं येणार न्हाई." मग बाटली सरळ करत, "पर परत यायचं."

"येतो."

"शिवाभावजींनाबी सोडणार न्हाई मागं."

तिनं मूठ घट्ट मिटलेली होती. मी बघितलं नाही असं केलं.

पायडल मारलं. जरा डगमगलो. मग सायकल सरळ झाली, आणि मग काय सांगू राव! पाय असे फिरायला लागले की जणू कधी थांबलेच नव्हते. जोर लावायची गरजच पडेना. झाडं सटासट मागं. मी घंटी वाजवली, समोर कुणी नसताना. गाणं म्हटलं. "आरं वारं, आरं वारं" असं ओरडलो, मोठ्यानं, ओठ मिटून आणि उघडून. वाटलं, त्या डॉक्टरला फोन लावावा आणि म्हणावं, कसलं आजारपण घेऊन बसलात, मी कोल्हापूरपर्यंत जाऊन येतो!

मागं वळून बघितलं. रस्ता वळलेला. टेम्पो नाही, शिवा नाही, सुनंदा नाही. कुणी म्हणजे कुणी नाही.

मी उतरलो. सुरूच्या झाडाआड गेलो. आणि कितीतरी महिन्यांनी, उभ्यानं, एकट्यानं, दार न वाजवणाऱ्या दुनियेत, वाऱ्याची दिशा नीट बघून मोकळा झालो. लोक समुद्रकिनारी जाऊन काय काय अनुभव घेतात. माझा हा.

पुढं चढ आला. मागं फिरायचं होतं. पण मला पंख फुटलेले. म्हटलं, एकच वळण. अर्ध्या वळणावर पाय गार पडले, सायकल थांबली, आणि थांबलेली लेडीज सायकल गुलाबी असली तरी पडतेच. मी मातीत. सायकल माझ्यावर. परडी माझ्या तोंडावर.

लागलं फारसं नव्हतं. पण जमिनीवरनं उठणं हेच मला अजून नीट येत नव्हतं. पाटावरनं सुरू झालेली गोष्ट तिथंच येऊन बसली होती. शिवाला हाक मारली तर ऐकू जाणार नाही. फोन? फोन सुनंदाच्या पिशवीत, मफलराशेजारी. एक तपकिरी कुत्रं येऊन बसलं आणि बघायला लागलं.

"तू काय बघतोयस रं?" मी म्हणालो.

मॅडमनी शिकवलं होतं तसं पालथा झालो. हात टेकले. गुडघे टेकले. एक पाऊल पुढं. पाय लटालटा कापत होता. सायकलचं हँडल धरलं, ती सरकली, परत मातीत. परत पालथा. या वेळी सायकल झाडाला रेटून घेतली आणि झाडाला सांगितलं, तू तरी हलू नकोस. उठलो! उभा राहिलो! कुत्र्यानं शेपूट हलवली; दुनियेत पहिली टाळी त्याची.

मग सायकल वळवली, आणि माझी अक्कल ठिकाणावर आली.

वारं! जाताना जे पाठीशी होतं ते आता छाताडावर. म्हणजे जाताना मी सायकल हाणतच नव्हतो. वारं मला ढकलत होतं, आणि मी डॉक्टरला फोन लावायला निघालेलो! आता एकेक पायडल मारायचं म्हणजे उसाची मोळी उचलल्यासारखं. मांड्या पेटल्या. डोळ्यांत वाळू. शर्ट फुगून मागं पदरासारखा. पण पाय जात होते. हळू, लाज वाटावी इतके हळू, एक माणूस चालत मला मागं टाकून गेला. तरी जात होते, आणि या वेळी ते माझेच होते. जातानाचं वाऱ्याचं होतं. हे माझं होतं. मला एवढा आनंद झाला की मी त्या वाऱ्याला आईवरनं एक शिवी दिली, अगदी प्रेमानं.

वळण संपलं. लांब टेम्पो दिसला. टेम्पोच्या पुढं रस्त्याच्या मधोमध सुनंदा. एक पाऊलही पुढं आलेली नव्हती. मी जवळ गेलो तेव्हा कळलं, तिनं शिवाचं मनगट गच्च धरून ठेवलं होतं, तो पळत येऊ नये म्हणून. का स्वतः पळू नये म्हणून, कोण जाणे.

"शर्टाला माती कशाची?"

"समुद्राची."

"समुद्राची माती लाल असतीया व्हय?" आणि तिनं माझ्या पायांकडं बघितलं. "दोनी चपला हायत की!"

शिवा नारळपाणी आणायला पळाला. आम्ही टेम्पोच्या फळीवर बसलो. मला ते आता पोटात राहीना.

"सुनंदा, एक सांगू? त्या दिवशी मला आरे-वारे म्हणायचं नव्हतं. मला पंखा..."

"ठावं हाय."

"काय?"

"अक्का डबा धुवायला बाहीर गेल्यावर पंखा कुणी लावला हुता मग? तुमी झोपला न्हाई का गार वाऱ्यात?"

झोपलो होतो. आठवलं. पट्टीखाली डोळे गार पडले होते.

"मग बोलली का न्हाईस?"

ती पाण्याकडं बघत म्हणाली, "सगळी इचारत हुती, जगतोय का, चालंल का. ती व्यायामवाली पोरगी पयली, बरं झाल्यावर काय करायचं म्हणाली. मी कशाला मोडू?"

माझं तोंड आता चांगलं हसतं, पण रडायला लागलं की अजून डावीकडं जातं. तेवढ्यात अक्काचा फोन आला आणि वाचलो. सुनंदानं तो मोठ्या आवाजावर लावला. वाऱ्यानं काही ऐकू येईना म्हणून ती ओरडूनच बोलायला लागली, डोळे पुसत, हसत.

"आवं अक्का, काय सांगू तुमाला! लय वारं! आत्ताच आल्यात, नुसतं अंगावरनं वारं गेलंया बगा ह्यांच्या!"

पलीकडनं कडेगावातनं आरोळी आली.

"परत? परत गेलं? आगं बया, मग बगत काय बसलीस? आदी खिडक्या लाव!"

सुनंदानं मान वर केली. समोर ह्या टोकापासनं त्या टोकापर्यंत समुद्र उघडा पडलेला.

"लावते," ती म्हणाली.